पेंटरआजोबांचं जंगल

“जंगल गायब झालंय!” भोंगा नाटकघराच्या मागच्या खोलीतून बाहेर आला तो ओरडतच.

“जंगल काय कुणी खिशात घालून नेतं?” वकील म्हणाला. त्याला कशावरही वाद घालायचा असे, म्हणून तर हे नाव पडलं होतं.

खारू मात्र धावत आत जाऊन बघून आली. चार दिवसांवर मुलांचं नाटक, आणि त्यातला जंगलाचा पडदाच नाहीसा!

तो पडदा तयार झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. शिंपीणमावशीने कापडाचे सात पट्टे जोडले, सुतारकाकांनी गुंडाळायला दांडा करून दिला आणि पेंटरआजोबांनी अख्खी सुट्टी जमिनीवर गुडघे टेकून झाडं रंगवली. रंगात मिसळायच्या उकळत्या सरसाचा तो वास, मावशीच्या मशीनची खडखड, मधूनच काकांची शीळ! खारू उलट्या डब्यावर बसून तासन्‌तास बघत राही. जेवायला हाका मारल्या तरी तिचा पाय निघत नसे. आता आजोबांचे हात थरथरत. दुसरं जंगल होणं काही शक्य नव्हतं.

तिघं व्यवस्थापकांकडे धावली. त्यांनी कागदांतून मानही वर केली नाही. “असेल तिथेच कुठेतरी! माझं डोकं खाऊ नका.”

“चला, आपणच शोधू,” खारू म्हणाली.

मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर तिला हिरव्या रंगाची एक खपली सापडली. पायरीवर दुसरी. दाराबाहेर तिसरी! माग काढत काढत तिघं पोचली ती नाटकघराच्या आवारात, जिथे नव्या भिंतीचं काम चाललं होतं. तिथे सिमेंटच्या गोण्यांवर एक भलं मोठं मळकट कापड पसरलं होतं. खारूने कोपरा उचलला. खालच्या बाजूला पानंच पानं!

“ए पोरांनो, हात लावू नका!” मुकादम धावत आला. “माझी ताडपत्री आहे ती. पाच वर्षं वापरतोय.”

“पाच वर्षं?” वकिलाने भोळा चेहरा केला. “मग अगदी पक्की असेल, नाही काका?”

“पक्की म्हणजे! पाण्याचा थेंब आत जायचा नाही.”

“भोंग्या, आण रे ती बादली. बघू या तरी!”

भोंग्याने भरलेली बादली उचलून गोण्यांवर धरली. खारूने डोळेच मिटले. याने खरंच ओतलं तर रंगाचं पाणी पाणी होईल!

“अरे नको! थांब!” मुकादम किंचाळला. “सगळं सिमेंट भिजेल!”

“असं कसं भिजेल? ताडपत्री आहे ना?” वकील म्हणाला.

मुकादमाने भोंग्याच्या हातातली बादली काढून खाली ठेवली. मग तो ओशाळून म्हणाला, “व्यवस्थापकसाहेबच म्हणाले, मागचं जुनंपानं हवं ते घेऊन जा. मी उलटून बघितलंच नाही बाबा.”

बातमी कळताच आजोबा आले. पडदा पसरला तर एक कोपरा फाटलेला, आणि मधोमध सिमेंटचा मोठा डाग चिकटून घट्ट झालेला. आजोबा कितीतरी वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिले. मुकादम खाली मान घालून उभा होता. आता आजोबा त्याला फाडून खाणार, असं भोंग्याला वाटलं. पण ते म्हणाले, “हा डाग काही निघायचा नाही. याचा खडकच करू. थापी चांगली चालते ना तुझी? मग ये, बस इथे!”

पुढचे तीन दिवस! मावशीने फाटका कोपरा शिवला, काकांनी दांडा तासून सरळ केला, मुकादमाने डागावर करड्या रंगाचे हलके हात देऊन असा खडक उठवला की त्यावर टेकावंसं वाटावं. आजोबा खुर्चीतून सांगत आणि मुलं रंगवत. कुणी कुणावर डाफरलं नाही, चहा मात्र किती झाला याची मोजदादच नव्हती.

नाटकाच्या संध्याकाळी पडदा उलगडला आणि पात्रं येण्याआधीच टाळ्या पडल्या. व्यवस्थापक स्वतः रंगमंचावर आले. “चूक माझी होती. न बघता बोललो मी. या तिघांनी नाटकघराची अब्रू राखली!”

शाबासक्या खूप मिळाल्या त्या दिवशी. खारू आज स्वतः पडदे रंगवते, पण तिला त्यातली एकच आठवते. आजोबांनी तिला जवळ बोलावून विचारलं होतं, “कोपऱ्यातलं ते वाकडं झाड कुणाचं गं?”

“माझं. बिघडलं का, आजोबा? तुमच्यासारखं जमेना, मग आमच्या दारातलं आठवून काढलं.”

“बरं केलंस. त्या झाडाला सावली आहे बघ,” आजोबा म्हणाले आणि पुन्हा त्याच्याकडे बघत बसले.