उणे चारशे वीस

डॉ. मुकुंद आजगावकरांनी उत्तर दिलं नाही असं एकच पत्र होतं, आणि ते फेब्रुवारीपासून त्यांच्या शब्दकोशात दडलेलं होतं. कागदावर लिहिलेलं, पाकिटातून आलेलं. निवडीच्या हंगामात खेळाडू आणि डॉक्टरांसारखे परीक्षक यांच्यातला प्रत्येक संदेश फुटबॉल महासंघाची यंत्रं वाचत. पाकीट तेवढं कोणी फोडत नसे.

पत्र धैर्यशील शेडगेचं होतं. वय बावीस, ओहायोतल्या एका महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा लाइनबॅकर. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर लाइनबॅकर म्हणजे पहिल्या फळीच्या मागे उभा राहणारा रक्षक. समोरचा चेंडू डावीकडून नेणार की उजवीकडून, हे ओळखून त्यानं तिथे आधी पोचायचं. दर एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ अशा महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमानं निवड करतात. पूर्वी त्यासाठी धाव, उडी, वजन मोजत. आता लाइनबॅकरचा चाहूल-अंक आधी विचारला जाई, बाकीचं नंतर.

'चाहूल' हा शब्द आणि तिची चाचणी, दोन्ही डॉक्टरांची. 'आता उजवीकडे' असं माणसाला मनात जाणवतं, त्याच्या आधी सेकंदाचा तिसरा हिस्सा त्याचा मेंदू तयारीला लागलेला असतो. माणसाला स्वतःला पत्ता नसतो, पण तयारी अंगातून फुटते. श्वास अडतो, खांदा किंचित उतरतो. चांगला लाइनबॅकर नकळत हे वाचतो. चाचणीत चेंडू घेऊन उभ्या राहणाऱ्या मदतनिसाच्या शिरस्त्राणात आणि खेळाडूच्या बुटांत संवेदक असत. मदतनिसाला आपला निर्णय जाणवला तो क्षण शून्य धरायचा. खेळाडूच्या पायांवरचा भार त्यानंतर किती सहस्रांश सेकंदांनी सरकला, तो त्याचा अंक. साधारण खेळाडूचा अंक अधिक नव्वद. फार चांगल्या खेळाडूचा उणे साठ, म्हणजे समोरच्याला स्वतःचं मन कळण्याआधी याला कळलेलं. अमेरिकेतले दांडगे प्रशिक्षक 'चाहूल' हा शब्द जसाच्या तसा वापरत. स्वतःच्या बाकी प्रत्येक कामाविषयी शंका असलेल्या डॉक्टरांना या एका शब्दाचा अभिमान होता.

धैर्यशीलचा अंक उणे एकशे ऐंशी आला होता. इतका कोणाचाच नव्हता.

पत्र इंग्रजीत होतं. त्यानं लिहिलं होतं की, शेवटच्या दहा फेऱ्यांत मी हलायचंच नाही असं ठरवलं होतं. सगळे माझ्या अंकाबद्दल बोलतात, तो खरोखर माझा आहे का ते मला बघायचं होतं. मी उभाच राहिलो असं मला वाटलं. नंतर चित्रफीत पाहिली, तर दहाही वेळा पायांनी बरोबर बाजू धरलेली. मी खेळलोच नसेन, तर मला ही निवड नको. चौदा एप्रिलपर्यंत नाव मागे घेता येतं. तुम्ही ठेव म्हणालात तर ठेवीन, तुमचं उत्तर आलं नाही तर काढून घेईन. शेवटी मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत गिरवलेल्या अक्षरांत एक ओळ होती: 'काका, खेळलं कोण?'

डॉक्टरांनी त्या दहा फेऱ्या वेगळ्या काढल्या. त्यांची सरासरी उणे चारशे वीस निघाली. आधी त्यांना वाटलं यंत्र चुकलं, मग वाटलं आपणच चुकलो. चार वेळा तपासलं, आकडा हलला नाही. मेंदूची तयारी सुरू होते ती उणे तीनशे तीसच्या सुमारास. धैर्यशीलचे पाय त्याच्याही आधी निघालेले. त्या क्षणी मदतनिसाच्या डोक्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. कोऱ्या कागदावरचा मजकूर कोणी कसा वाचेल? उत्तर सुचेना, म्हणून पत्र शब्दकोशात गेलं.

अकरा एप्रिलला सकाळी धैर्यशीलचे वडील सर्जेराव डॉक्टरांच्या घरी आले. मूळचे पलूसचे, तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले, आता ओहायोतच टोलेडोजवळ ट्रकच्या इंजिनांची दुरुस्ती करत. निवडीच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात सगळे जमणार होते, त्याचं बोलावणं करायला ते आले होते. मुलाच्या पत्राची त्यांना कल्पना नव्हती. तीनशे माणसं येणार, पुरणपोळ्या कोण करणार, लेझीम कोणाचं, हे सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. आपल्या माणसांतला पहिला लाइनबॅकर, हे वाक्य चार वेळा आलं.

डॉक्टरांनी पत्राचं नाव काढलं नाही. एक कोडं आहे, एवढंच म्हणून त्यांनी त्या दहा फेऱ्यांची चित्रफीत लावली. सर्जेराव पडद्याला नाक लावून बसले. तिसऱ्या फेरीला त्यांनी मांडीवर थाप मारली.

"डॉक्टर, ही चाहूल नाही. ही हूल आहे."

"म्हणजे?"

"कबड्डीत कोपऱ्यावर उभं राहून काय करायचो आम्ही? टाच अशी उचलायची, की चढाईवाल्याला वाटावं, आता हा इकडं झेपावणार. तो पळतो दुसरीकडं. आपला भार आधीच तिकडं गेलेला असतो. पकडला की म्हणतो, माझा अंदाज चुकला. अंदाज कसला, आपण दिलेला."

डॉक्टरांनी चित्रफीत मागे नेली, अगदी सावकाश लावली. धैर्यशीलची टाच कागदाच्या जाडीइतकी उचलली जात होती. मदतनिसाची बुबुळं क्षणभर तिकडे वळत आणि परत येत. त्यानंतर त्याचा मेंदू तयारीला लागे, आणि त्यानंतर त्याला वाटे, आपण ठरवलं. दहाच्या दहा वेळा तसंच. धैर्यशीलनं त्याचं मन ओळखलं नव्हतं, त्याच्या आत ठेवलं होतं. ठेवणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

"म्हणजे उणे चारशे वीस," डॉक्टर पुटपुटले.

"चारशेवीस निघालं म्हणायचं कार्टं," सर्जेराव म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "मी शिकवलेलं नाही हो. त्याच्या लहानपणी मागच्या अंगणात कबड्डी खेळायचो आम्ही, मीच हरायचो. मला वाटायचं, पोरगं बापाचं मन ओळखतं." त्यांनी पडद्यावरच्या मुलाकडे बोट केलं. "त्याला फुटबॉलला घालायचं ते मी ठरवलं, असं मी जगाला सांगत आलोय."

सर्जेरावांनी टोपी घातली. दारात थांबून म्हणाले, "कोणी का ठरवेना, गडी माझा आहे."

ते गेल्यावर डॉक्टर पुन्हा आकड्यांकडे वळले. चाहूल घेणारा आणि हूल देणारा यांचा आकडा त्यांच्या यंत्रावर सारखाच उणे दिसत होता. तीस वर्षांत त्यांनी मोजलेल्या किती जणांनी मन वाचलं होतं आणि किती जणांनी ते घडवलं होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. 'चाहूल' हा शब्द काढून घ्यावा लागणार होता. विशेष म्हणजे, त्यांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. त्यांनी कागद ओढला.

'चि. धैर्यशील, अनेक आशीर्वाद. उशिराबद्दल क्षमा कर, मला उत्तर येत नव्हतं. ते आज तुझ्या वडिलांनी शोधलं. खेळलास तूच. "थांब" असं तू स्वतःला सांगितलंस, आणि तुझ्या पायांनी तुझंच, फार जुनं, दुसरं सांगणं ऐकलं. तू समोरच्याचं मन वाचत नाहीस, त्याला ते देतोस. असा लाइनबॅकर मी पाहिला नव्हता. तो आपल्या माणसांत निघाला याचा मला फार अभिमान वाटतो. नाव ठेव. तुझ्या अंकावर मी सही करतो, पण त्याखाली चाहूल लिहिणार नाही, हूल लिहीन, आणि का ते सगळ्या संघांना कळवीन. एक गोष्ट मात्र सांभाळ. मैदानाबाहेर कोणी तुला आपणहून हो म्हटलं, तर'

इथे त्यांचा हात थांबला.

शालनताई चहा घेऊन आत आल्या. चाळीस वर्षांपूर्वी मिरजेच्या महाविद्यालयातली संस्कृतची नोकरी सोडून त्या नवऱ्याबरोबर इथे आल्या होत्या. डॉक्टरांनी कधी आग्रह केला नव्हता. हिला यायचं आहे हे मला हिच्या आधी कळलं होतं, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

आपल्याकडून नकळतही खूण जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली, हात मांडीवर घट्ट धरले आणि पाठमोऱ्यानंच विचारलं, "शालन, इथे यायचं ते तू ठरवलंस की मी?"

"आज काय मध्येच?" त्या म्हणाल्या. "मीच ठरवलं. तुम्ही तर कधी विचारलंही नाहीत."

"हं."

"ओहायोचा नकाशा मात्र महिनाभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवला होतात. फोडणी देताना समोर तोच." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "पत्र टाकायचं असेल तर बाराच्या आत टाका. मग गाडी जाते."

त्या गेल्यावर डॉक्टरांनी खुर्ची वळवून घेतली आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं: 'तर त्या वेळी आपला पाय कुठे होता, ते आधी बघ.'

बाराला दहा कमी असताना ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पोचले. पाकीट आत सोडलं, झाकण आपटलं. पत्र आजच टाकायचं हे आपण ठरवलं की शालननं, हा विचार त्यांच्या मनात आला तेव्हा टपालगाडी वळणावर दिसू लागली होती.