एक बाही राहिली

मी एके काळी विणायची, हे आता घरी येणाऱ्या कुणाला सांगितलं तर पटत नाही. पण तेव्हा हातात सुया नसल्या की मला चैन पडायचं नाही. सकाळी बालवाडीत शिकवायचं, दुपारी जेवण उरकून खिडकीशी बसायचं. दोन सुयांवर स्वेटर, क्रोशावर टेबलाचे रुमाल, आणि दोन्हीचा कंटाळा आला की टकळीवर लोकर कातायची. ‘घरात माणसांपेक्षा लोकरीचे गुंडे जास्त झालेत,’ आमचे हे म्हणायचे. ‘एक दिवस चहात लोकर निघेल.’ त्यांचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही. टकळी गरागरा फिरते, चिमटीतून धागा लांबत जातो, डोकं हळूहळू रिकामं होतं. ते सुख ज्याचं त्यालाच कळतं.

त्या इमारतीत राहायला जाऊन आम्हाला तीन महिने झाले होते. आम्ही पहिल्या मजल्यावर. दुसऱ्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या, तिसऱ्यावर शिंपीकाका. काका घरूनच काम करायचे. ह्यांच्या कोटाची चेन बिघडली म्हणून मी वर गेले, तेवढंच निमित्त.

काकांनी कोट बाजूला ठेवला आणि माझ्या अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. काठ उलटा करून आतले टाके तपासले.

‘तुमचा हात?’

‘हो.’

‘हात चांगला आहे. एकसारखा.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आमच्या हिचं एक काम अर्धवट राहिलंय. ती दोन महिन्यांपूर्वी गेली. मुलगा बाहेर असतो. स्वेटर झाला की येतो म्हणालाय.’

आतल्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची होती, शेजारी वेताची टोपली. टोपलीत राखी रंगाचा स्वेटर. लोकर काकूंनी स्वतः कातलेली, हाताला लगेच कळली. कुठे जाड, कुठे बारीक, पण पीळ असा की बघत राहावं. पाठ, पोट, गळा, एक बाही, सगळं झालेलं. दुसरी बाही तेवढी सुयांवर होती, मनगटाची पट्टी आणि वर चार बोटं.

‘मी घरी नेऊन करते,’ मी म्हणाले.

‘नको. घराबाहेर नको.’ काका मान खाली घालून म्हणाले. ‘दुपारी या, इथंच बसा. मी बाहेर मशीनवर असतो.’

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, म्हणून मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या लोकरीला हात लावायचा मोह मलाच झाला होता.

पहिल्या दुपारी वीस ओळी झाल्या. उठताना मी शेवटच्या ओळीला एक सेफ्टी पिन लावली, मोजायला बरं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर माझ्या वीस ओळी नव्हत्या. बाही पुन्हा चार बोटांवर. उसवलेली लोकर गुंड्यावर घट्ट गुंडाळलेली, आणि माझी पिन खिडकीच्या चौकटीवर, मिटून ठेवलेली.

उसवताना टाके सोडणारा माणूस नवखा असला की एखादा टाका निसटतोच. इथे सगळे टाके सुईवर परत नीट चढवलेले होते.

‘काका, तुम्ही उसवलंत का?’

‘मी?’ ते मशीन थांबवून म्हणाले. ‘मला बटण लावता येतं, स्वेटरमधलं ओ की ठो कळत नाही. आणि त्या खोलीला मी कुलूप लावतो.’

मी हसून सोडून दिलं. त्या दिवशी पंचवीस ओळी केल्या. तिसऱ्या दिवशी त्याही गेल्या. चौथ्या दिवशी तेच. आता दुसरी कुणी असती तर टोपली परत करून घरी आली असती. माझा स्वभाव वाईट. हाती घेतलेलं काम कुणी मुद्दाम बिघडवतंय म्हटल्यावर मी इरेला पेटले. रात्रीत उसवतंय ना? मग एका बैठकीत पुरं करायचं.

शनिवारी बालवाडीला सुट्टी होती. सकाळी नऊला मी वर गेले आणि खुर्चीत बसले.

बाहेर धुकं होतं. दहा वाजले तरी खिडकीतून समोरची भिंत दिसेना. बाहेरच्या खोलीत मशीन खडखडत होतं, इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. मी झपाझप विणत होते. दुपारपर्यंत काही झालं नाही.

दोनच्या सुमारास टाके निसटायला लागले. तोच टाका, पुन्हा पुन्हा, सुईच्या टोकाशी आला की घसरून खाली. मी उचलून घ्यायची, पुढं जायची. मग लोकर ओढली जातेय असं वाटलं. गुंडा टोपलीत होता आणि धागा माझ्या बोटावरून सुटून मागं जात होता, थोडा थोडा, कुणी दुसऱ्या टोकाला बसून हळूच आवरून घ्यावा तसा. टोपलीत वाकून पाहिलं. गुंडा स्थिर होता. मी धागा बोटाला दोन वेढे घालून धरला. तो ताणला गेला... आणि सैल पडला.

त्यात जोर नव्हता. विनवणी केल्यासारखं होतं ते. हे मला आज कळतं, तेव्हा नुसतं विचित्र वाटलं होतं. तरी मी उठले नाही. हात थांबतच नव्हते.

चारनंतर खोलीत एक वास यायला लागला. साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा. कधीतरी मशीन थांबलं होतं. मान वर केली तर काका दारात उभे.

‘किती राहिलं?’

‘दोन बोटं.’

‘दिवा लावू?’

‘लावा.’

त्यांनी दिवा लावला आणि तिथंच उभे राहिले. मी टाके बंद केले, बाही खांद्याला जोडली, शेवटची गाठ मारली. धागा कापायला कात्री उचलली तेव्हा माझ्या मनगटावर काहीतरी गार टेकलं. अगदी हलकं, आजारी माणसाचा हात असतो तसं. मी कात्री दाबली. धागा तुटला आणि खिडकीपाशी कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला.

काकांनी काही ऐकलं नसावं. त्यांनी स्वेटर दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ‘फार उपकार झाले,’ ते म्हणाले. मी पायांत चप्पल सरकवली आणि जिना उतरले.

दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई दारात उभ्या होत्या.

‘रोज वर काय असतं तुमचं?’

‘काकूंचा स्वेटर राहिला होता. आज पुरा केला.’

त्यांनी माझा दंड धरून मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

‘कुणासाठी केला, विचारलंत का?’

‘मुलासाठी. बाहेर असतो ना?’

‘बारा वर्षं झाली त्याला जाऊन,’ त्या कुजबुजल्या. ‘तळ्यावर पोहायला गेला. चार दिवस शोधलं. सापडला नाही.’ मग दाराकडे पाहत म्हणाल्या, ‘काकू शेवटी माझ्याजवळ बोलायच्या. मला वाटायचं, दुःखानं भ्रमिष्ट झाल्यात. म्हणायच्या, तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. विचारतो, आई, झाला का? थंडी वाजते. मी म्हणते, एक बाही राहिली रे. मग जातो.’

मी माझ्या मनगटाकडे पाहिलं.

‘दिवसा विणायच्या आणि रात्री उसवायच्या. बारा वर्षं. मी एकदा म्हटलं, देऊन टाका, सुटेल बिचारा. तर म्हणाल्या, तो माझा असता तर केव्हाच दिला असता... पण आवाज तेवढा त्याचा आहे.’

तेवढ्यात खाली इमारतीचं दार वाजलं.

साडेसहा झाले असतील. कामावरून माणसं परतायची वेळ. मला वाटलं हेच आले, मी कडीकडे हात नेला. नर्सबाईंनी मान हलवली. जिन्यात पावलं वाजत होती. अनवाणी, ओली. एक पायरी चढायची, थांबायचं. आणि प्रत्येक पावलामागून त्याच पायरीवर काहीतरी जड ओढल्यासारखा आवाज. नर्सबाईंच्या दारासमोर पावलं थांबली. दाराच्या फटीतून तो वास आत आला, तळ्याच्या गाळाचा. नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले.

पावलं वर गेली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

‘ये. झालाय.’

मग दार लागलं.

खाली ह्यांचा आवाज ऐकू आला, तेव्हाच मी तिथून निघाले. जिना धुतल्यासारखा ओला होता. ह्यांना वाटलं, टाकी वाहिली असेल. मी काही सांगितलं नाही. रात्रभर वरच्या मजल्याकडे कान लावून पडले होते. सगळं शांत होतं.

सकाळी दार वाजलं. मी फटीतून पाहिलं, शिंपीकाका. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, गळ्यात टेप. दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

‘अगदी मापात बसला,’ ते म्हणाले. ‘घालूनच गेला. तुमचा हात त्याला फार आवडला.’ त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. ‘आणखी एक करायचाय. लोकर मी आणून देईन.’

शिंप्याची नेहमीची चिठ्ठी होती. छाती, खांदा, उंची, बाही. तीन रकाने कोरे होते. बाहीपुढे आकडा होता, एकोणचाळीस इंच. मी काल विणलेली बाही तेवीस इंचांची होती.

‘हे तुमच्या मुलाचं माप नाही, काका.’

‘नाही, नाही. त्याच्याबरोबर जे आलं होतं, त्याचं. त्यालाही थंडी वाजते म्हणे.’

‘मग... बाकीची मापं?’

काकांनी टेपची घडी घातली. सवयीनं, शांतपणे.

‘हात तेवढा दारातून आत आला होता,’ ते म्हणाले. ‘बाकीचं जिन्यातच होतं. आज आत येणार आहे, तेव्हा घेतो.’