बद्द वाजलेली तोफ

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडं फुटलं, तेव्हा भुजंगगडाच्या पूर्व बुरुजावर दोन नव्या तोफा सज्ज उभ्या होत्या आणि खालच्या खिंडीतून गनिमाची फौज शिड्या खांद्यावर घेऊन चढण चढू लागली होती. एक तोफ कान्होजी तांबटाने ओतलेली, दुसरी धारोजी तांबटाची. जिचा मारा सरस ठरेल, तिच्या कारागिराला गडाची ओतशाळा वंशपरंपरेने मिळायची होती.

वीस वर्षं दोघे एकमेकांवर मात करण्यासाठीच जगले होते. धारोजीने देवळाची घंटा ओतली की कान्होजीला अन्न गोड लागत नसे. मग तो तिच्याहून सुरेल घंटा ओतूनच जेवायला बसे.

आदल्या सांजेला कान्होजीने धारोजीची तोफ हातोडीने हलकेच ठोकून पाहिली होती. नाद बद्द आला. आत पोकळी राहिली होती! त्याने ते कारखानीस अंताजीपंतांच्या कानी घातलं, तेव्हा पंत हसले.

"मग बोलतोस कशाला? ओतशाळा तुझीच झाली म्हण."

आणि कान्होजी गप्प राहिला होता.

आता गोलंदाज पेटती बत्ती घेऊन पुढे झाला. आधी धारोजीची तोफ डागायची होती; तिच्याशेजारी तो हात जोडून उभा होता. ती फुटली, तर आधी तोच जाणार, हे पाहून कान्होजी पुढे धावला.

"थांबा सरकार! ही तोफ फुटेल!"

किल्लेदार निंबाजीराव गरजले, "गनीम उंबऱ्याशी आला, आणि तुम्हांस अजून चढाओढच सुचते?"

"हार दिसली, म्हणून जीभ वळवळते त्याची," धारोजी म्हणाला. "द्या बत्ती!"

कान्होजीने झेप घेऊन ती बत्ती डाव्या मुठीत आवळली. कातडं करपल्याचा वास सुटला, पण मूठ उघडली नाही.

"आधी माझी डागा, सरकार. मागाहून ही फोडून पाहा. पोकळी निघाली नाही, तर माझा कडेलोट करा."

कान्होजीची तोफ धडाडली. शिड्या मोडल्या, माणसं गडगडली आणि दुपारपर्यंत गनीम खिंडीपार हटला. मग धारोजीची तोफ भट्टीत तापवून घणाखाली फोडली, तेव्हा तिच्या पोटात मुठीएवढी पोकळी निघाली. किल्लेदारांनी कान्होजीला मानाची वस्त्रं दिली.

धारोजी जवळ आला. "काल तू माझ्या तोफेपाशी होतास. तेव्हाच कळलं होतं ना?"

कान्होजीला खोटं बोलवेना. "होय."

"काल सांगितलं असतंस, तर तुझे पाय धरले असते. आज जीव वाचवलास, तरी हात जोडवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी धारोजी बायकामुलांसह गड उतरून गेला. ओतशाळा कान्होजीची झाली. पुढे पंधरा वर्षं त्याने तोफा ओतल्या, सरदारांनी त्या वाखाणल्या. पण धारोजीशी चढाओढीत ओतलेल्या त्या पहिलीच्या तोडीची एकही उतरली नाही, आणि ते साऱ्या गडावर एकट्या त्यालाच कळत होतं.