दोन माणसं पुरतात

चहाच्या रांगेत तिच्या मागून आवाज आला, “होईल, होईल… अहो दहा मिनिटांत होईल!”

हा आवाज छोटीने झोपेतही ओळखला असता.

तिची कंपनी लहानशी. एका मोठ्या कंपनीकडून इंटरनेटची लाइन घ्यायची आणि आपल्या भागातल्या घराघरांत, दुकानांत, शाळांत पोचवायची. लाइन पडली की कंट्रोल रूममधून छोटी त्या मोठ्या कंपनीला फोन लावायची, आणि तिकडून हाच आवाज शांतपणे म्हणायचा, होईल, होईल. दोन वर्षं हेच चाललं होतं. त्याच्या दहा मिनिटांत तिचा अख्खा डबा खाऊन व्हायचा. कंट्रोल रूममध्ये सगळ्यांनी मिळून त्याचं नावच ठेवलं होतं, होईलसाहेब.

ती वळली. उंच, किंचित वाकून उभा राहणारा, दाढी करायला विसरलेला एक माणूस फोन खिशात टाकत होता.

“दहा मिनिटं म्हणजे घड्याळातली,” तिने विचारलं, “की तुमची?”

तो थबकला. तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत हळूच हसू उमटलं.

“तक्रारबाई…?”

“काय म्हणालात?”

“नाही, म्हणजे… आमच्याकडे तुम्हाला असंच म्हणतात.” त्याचे कान लाल झाले. “प्रेमाने.”

“फोनवर नाही ते जाणवलं कधी!”

मागच्यांनी “अहो, पुढे सरका की!” म्हणून गलका केला, तेव्हा दोघं भानावर आली.

इंटरनेट चालवणाऱ्या मंडळींची ही परिषद दर वर्षी भरायची. आसपासच्या सगळ्या भागांतली माणसं एका मोठ्या हॉटेलात जमायची, गळ्यात ओळखपत्रं अडकवून एकमेकांना राउटरच्या गोष्टी सांगायची. छोटीला यायचंच नव्हतं. तिला पाठवलं ते ताईने. ताई म्हणजे तिच्या शिफ्टमधली सगळ्यांत जुनी बाई; काम तिनेच शिकवलं होतं आणि नोकरी लागल्यापासून डबाही तीच वाटून खायची. “जा गं,” ताई म्हणाली होती, “स्क्रीनकडे बघून बघून डोळे चौकोनी झालेत तुझे. चार माणसं बघ जरा!”

चार कसली, पहिल्याच दिवशी एकावर येऊन गाडी अडली.

दुपारी एक गंमत झाली. मुख्य भाषण ऐन रंगात आलं आणि हॉलमधलं वायफाय बंद पडलं. इंटरनेट चालवणारे शेकडो लोक एका छताखाली, आणि इंटरनेट नाही! जो तो लॅपटॉप घेऊन उठला. प्रत्येकाला दुरुस्ती आपणच करायची होती. लग्नघरात सगळेच मामा झाल्यासारखी गत.

“इतके डॉक्टर जमले की पेशंट गेलाच समजा,” तिच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं. होईलसाहेबच. “चला, चोर शोधू.”

दोघं लॅपटॉप हातावर तोलत खुर्च्यांच्या रांगांमधून हिंडू लागली. कुणीतरी स्वतःचा राउटर चालू ठेवल्याने हॉलचं वायफाय गोंधळलं होतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. सिग्नल कुठे जोरात येतोय ते बघत ती पुढे, आणि वायरींत तिचा पाय अडकू नये म्हणून तो मागे. एकदा अडकलाच. त्याने कोपर धरलं, लगेच सोडलंही. एसीने गारठलेल्या त्या हॉलमध्ये कोपराची तेवढीच जागा तिला बराच वेळ उबदार वाटत राहिली.

राउटर सापडला तो थेट मंचावर, भाषण करणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत. विषय होता “शिस्तबद्ध नेटवर्क”. दोघं पडद्यामागे जाऊन पोट धरधरून हसली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी जागा धरून बसला होता. ती आली तेव्हा त्याने खुर्चीवरची बॅग उचलली आणि समोर बघत राहिला, जणू बॅग आपोआपच हलली. जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. “जेवलीस का? आवाज एवढा खुलून का येतोय तुझा?” छोटी म्हणाली, “इथे रेंज चांगली आहे.” शेजारी त्याला ठसका लागला.

संध्याकाळी दोघं हॉटेलच्या गच्चीवर गेली. भुरभुर पाऊस होता. पत्र्याच्या आडोशाला दोघांपुरती जागा, तीही जरा अवघडून. खाली रस्त्यावर दिवे लागत होते.

“तुमचा आवाज आला की मी खुर्चीत नीट बसायचो,” तो म्हणाला.

“खोटं.”

“खरंच. लाइन पडली की सगळे कपाळाला हात लावायचे, आणि मी… म्हणजे वाईट आहे हे, पण… मला बरं वाटायचं. आता तक्रारबाईंचा फोन येणार!”

“म्हणून दहा मिनिटांचा तास करायचा?”

“फोन ठेवू नयेस असं वाटायचं गं.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं. तिने ओढणीच्या टोकाला उगीचच एक गाठ मारली, सोडली, परत मारली.

मग तो तिच्या कामाबद्दल विचारू लागला. कसं चालतं तुमच्याकडे, लाइन पडल्याचं आधी कुणाला कळतं, कोण काय करतं. असं कुणी कधी विचारलं नव्हतं तिला. घरी तर ती ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे एवढंच ठाऊक. ती फुलून सांगत गेली… कामं आपोआप व्हावीत म्हणून तिने स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम, रात्रंदिवस सगळ्या लाइनींवर नजर ठेवणारे, बिघाड ओळखून रस्ता बदलणारे.

“कमाल आहेस तू,” तो म्हणाला. “मग खरं सांग, किती माणसं लागतात आता?”

“चौघं आहोत. ताई, मास्तर, नवरदेव आणि मी.” ती हसली. त्याच्या डोळ्यांतलं कौतुक तिला अजून थोडं हवं होतं. “पण खरं सांगू? दोन माणसं पुरतात. बाकीचे दोघं गप्पा मारायला!”

तोही हसला. जरा उशिराने. तिला वाटलं, पावसामुळे नीट ऐकू आलं नसेल.

शेवटच्या दिवशी समारोपाला तिचे मालक आलेले बघून ती चकित झाली. मालक कधी कोट घालत नसत. आज घातला होता. मंचावर मोठ्या कंपनीचे साहेब उभे राहिले, मालकांचा हात हातात घेऊन म्हणाले की दोन्ही कंपन्या आता एक होत आहेत. टाळ्या वाजल्या. छोटीनेही वाजवल्या. वाजवता वाजवता तिने शेजारी पाहिलं. होईलसाहेब टाळ्या वाजवत नव्हता. मान खाली घालून ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होता.

बाहेर व्हरांड्यात मालकांनी तिला गाठलं. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता.

“तू काही काळजी करू नकोस हं. तुझी नोकरी पक्की. ते तर कंट्रोल रूम बंदच करणार होते, पण काल त्यांच्या माणसाने कळवलं, दोन माणसं पुरतात म्हणून. बाकीचे दोघं काय, गप्पाच मारतात म्हणे!” मालक मोठ्याने हसले. “दुसरं नाव तूच सांग. तुला माहीत, कोण कामाचं आहे.”

तिचेच शब्द. तिचंच हसणंसुद्धा. फक्त तोंड दुसऱ्याचं.

हॉल रिकामा झाला होता. कामगार खुर्च्या एकावर एक रचत होते. तो धावतच आला, धापा टाकत.

“मी आज सांगणारच होतो…”

“कधीपासून माहीत होतं तुम्हाला?”

‘तुम्हाला’ ऐकून तो जागच्या जागी थांबला.

“महिनाभर. सही घेतली होती आमच्याकडून, कुणाशी बोलायचं नाही म्हणून. साहेबांनी सांगितलं होतं, परिषदेत त्यांचं कुणी भेटलं तर जरा अंदाज घे…”

“म्हणजे खुर्ची धरली होती ती अंदाज घ्यायला.”

“नाही! ऐक ना. ते चारही जागा काढणार होते. चारही! मी म्हटलं, निदान दोन ठेवा. तू जे सांगितलंस त्याच्या जोरावर दोन वाचल्या. त्यातली एक तुझी. मी तुझ्यासाठीच…”

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “मग मला विचारायचंत. गच्चीवर एवढा वेळ होता. ‘तुमच्या चौघांच्या पोटाचा प्रश्न आहे, विचार करून बोल,’ एवढंच म्हणायचं होतं. मी शब्द तोलून बोलले असते हो. मी तर तुम्हाला आवडावं म्हणून बोलत होते.”

एक खुर्ची धाडकन पडली, कुणीतरी उचलली.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” तो म्हणाला. किती घाईत, किती चुकीच्या वेळी!

“माझंही आहे,” ती म्हणाली. “नसतं तर बरं झालं असतं. नुसती चिडून गेले असते.”

“मग थांब ना! मी परत बोलतो साहेबांशी. होईल काहीतरी…”

“आत्ता बोला. ते अजून खालीच आहेत. मी येते बरोबर. सांगा त्यांना, ती थट्टेत बोलली होती, तिथे चौघं लागतात.”

तो जिन्याकडे बघत राहिला. मग घड्याळाकडे. मग बुटांकडे.

“असं… आत्ता लगेच नाही बोलता येत गं. माझंही बढतीचं चाललंय. थोडं थांबून, नीट मांडून…”

ती आणखी क्षणभर थांबली. तो मान वर करेल म्हणून. मग बॅग खांद्याला लावून निघाली.

कंट्रोल रूममध्ये तिने तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही, शब्दन् शब्द. मास्तर, जे पूर्वी शाळेत शिकवायचे, चष्मा पुसत राहिले. नुकतंच लग्न झालेला नवरदेव उठून बाहेर गेला. ताई एवढंच म्हणाली, “मी गप्पा मारते होय गं?”

छोटीने मालकांना दोन नावं दिली: ताई आणि मास्तर. नवरदेवाला त्याच्या मेहुण्याने दुसरीकडे चिकटवलं. आईने दोन दिवस कपाळाला हात लावला, “हातची नोकरी लोकांना वाटत सुटलीस?” दादाने ओळखीने एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायचं काम तेवढं शोधून दिलं. पगार कमी होता. जुन्या कंपनीचा फोन परत करावा लागला, आणि त्याच्याकडे होता तो तेवढाच नंबर.

त्याच्याशी बोलायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. तरी अनोळखी नंबर वाजला की ती आधी घसा साफ करायची. काय सुनवायचं, ते पाठ होतं. नंबर मिळवणं त्याला काय कठीण? रोज कामासाठी त्याला ताईशी बोलावंच लागत होतं. नुसतं विचारायचं होतं.

थंडीचे दिवस आले तेव्हा एकदा ताई मुलीचा दात दाखवायला हॉस्पिटलात आली. मुलीला आत पाठवून दोघी कँटीनमध्ये बसल्या. ताईचा राग पूर्वीसारखा उरला नव्हता, पण डबा उघडून पुढे सरकवण्याइतका गेलाही नव्हता.

“बढती झाली त्याची,” ताई म्हणाली. “चांगला वागतो तसा. कामाला हुशार.”

“असेल.”

ताईने चहा ढवळला. छोटीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तुझा नंबर देऊ का त्याला?”

छोटीने टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला.

“मागितला का त्याने?”

ताईने चमचा बशीत ठेवला. खोटं बोलावं की नाही, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

“नाही गं,” ती हळूच म्हणाली. “एकदाही नाही.”

“बरं.”

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कॉम्प्युटर अडला होता, शिपाई बोलवायला आला. छोटी उठली, ताईच्या खांद्यावर हात ठेवून “मुलीला सांग, गोड कमी खा,” म्हणाली, आणि जिना चढू लागली. दुसऱ्या वळणावर, जिथून ताईला ती दिसत नव्हती, तिथे कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग वर गेली.