'करंट होय्तु'ची सातवी कॅसेट

मानसिंग काका बेंगळुरातल्या जयनगरला आश्लेषाकडे आले ते बुटांचा खोका काखोटीला मारूनच. बनशंकरीतली त्यांची पिठाची गिरणी आता बंद व्हायची होती. माळा उपसताना हा खोका हाती लागला. आत सात कॅसेट होत्या आणि वाटीभर पीठ.

"आधी स्वल्प झाडून घे हं," ते आश्लेषाला म्हणाले. "तीस वर्षांचं आहे."

आश्लेषाचं कामच ते. लोकांच्या जुन्या कॅसेट साफ करायच्या, त्यांतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. मुंजीतली मंगलाष्टकं, गावच्या जत्रेतली भजनं, कुणाच्या तरी आजोबांचं खोकणं. त्यासाठी तिने घराच्या मागच्या खोलीची खिडकी बुजवली होती आणि भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत दिवा लावावा लागे. दार ओढलं की जयनगरचा सगळा गजबजाट दाराबाहेरच राही.

पहिली कॅसेट लावली आणि ती खुर्चीतून उठलीच. गिटार करवतीसारखी कापत होती, ड्रम तर कुणी रागाने दार बडवावं तसे, आणि त्यावर एका मुलीचा आवाज: 'दिवा नको, आवाज हवा!' पुढची ओळ कानडीत, त्यापुढची पुन्हा मराठीत. बेंगळुरात असलं पंक संगीत पहिल्यांदा कुणी वाजवलं यावर कोरमंगलातली पोरं कॉफीवर कॉफी पिऊन भांडतात. दोन-तीन ठरलेली नावं आहेत. या बँडचं नाव त्या भांडणांत तिने कधीही ऐकलं नव्हतं.

"नाव 'करंट होय्तु'," काका लाजत म्हणाले. वीज गेली की अख्खी गल्ली हेच ओरडते, तेच नाव. "रघुनंदन गिटारवर, बेस गिटारवर मी, ड्रमवर श्रीवत्स. आणि गायला त्याची बहीण, पद्मावती. गिरणीत वाजवायचो. दळणाच्या घरघरीत आमची घरघर कुणाला कळणार? एकदाच एका कॉलेजात कार्यक्रम केला. तिसऱ्या गाण्याला त्यांनी मेन स्विचच पाडला."

प्रत्येक गाण्याआधी हजेरी होती. श्रीवत्स एकेकाचं नाव घ्यायचा. वीज गेली की गिरणीत मिट्ट काळोख व्हायचा, आणि चक्कीच्या मोठ्या पट्ट्याजवळ कोण उभं आहे हे ठाऊक असणं बरं. रघू? आहे. मानसिंग? आहे. पद्मी? ती मात्र कधी 'आहे' म्हणायची नाही. नेहमी उशिरा धावत यायची, म्हणून म्हणायची, 'आले!'

सातव्या कॅसेटवर ती नव्हती.

"शेवटची," काका म्हणाले. "त्या दिवशी पद्मी आली नाही. आम्ही बिनगाण्याचंच वाजवलं. परतताना श्रीवत्सच्या स्कूटरला लॉरीने उडवलं. चोवीस वर्षांचा होता. पद्मीने नंतर आमचं तोंडही पाहिलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही."

काका गेले. आश्लेषाने सातवी कॅसेट लावली. रघू? आहे. मानसिंग? आहे. पद्मी? मग नुसती मोटरची घुरघुर. चार सेकंद. मग ड्रमच्या काठ्या एकमेकींवर वाजल्या, आणि बिनशब्दांचं गाणं सुरू.

तिला सवय होती सगळं वहीत टिपून ठेवायची. 'थांबा, ४ सेकंद' असं तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकताना ती चमकली. पद्मी?... घुरघुर. कुणाचा तरी सावकाश श्वास. थांबा नऊ सेकंदांचा होता. कॅसेट वाजवणारा डेक हळू फिरतोय का, म्हणून तिने दुसरी कॅसेट लावून पाहिली. ती अगदी बरोबर चालत होती. सातवीच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची चिमुकली टॅब मोडलेली होती, म्हणजे तिच्यावर नव्याने काही भरणंही शक्य नव्हतं. आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर उतरवलेल्यात अजूनही चारच सेकंद होते. कॅसेटवरचाच थांबा तेवढा वाढला होता.

तिसऱ्या दिवशी तो सतरा सेकंदांचा झाला. आणि त्या बंद खोलीत ताज्या, गरम पिठाचा वास आला. आश्लेषा दार उघडून बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. तिने काकांना फोन लावला.

"थांबा?" काका म्हणाले. "कसला थांबा? सवयीने तिचं नाव घेतलं त्याने आणि लगेच काठ्या वाजवल्या. थांबला कुठे?"

भीती वाटत होती हे खरं. पण त्याहून जास्त तिला वाईट वाटत होतं. कुणी तरी कुणाची तरी वाट पाहतंय आणि मधे आपण वही घेऊन सेकंद मोजत बसलोय, हे तिच्या मनाला पटेना. काकांकडून नंबर घेऊन तिने पद्मावतींना फोन केला. त्या एका कॉलेजात गणित शिकवत होत्या.

"त्या बँडचं नाव माझ्यापुढे काढू नकोस," त्या तुटकपणे म्हणाल्या.

"अक्का, कॅसेटवर श्रीवत्स तुमचं नाव घेतायत. आणि थांबतायत."

मग अगदी हळू आवाजात, "किती वेळ?"

"परवा चार सेकंद. काल नऊ. आज सतरा."

"सरी, ठीक आहे," पद्मावती म्हणाल्या. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्या आल्या. इस्त्रीची सुती साडी, पिकलेले केस घट्ट बांधलेले, हातात रुमाल. खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या.

"पीठ दळतंय कुठे?"

"इथे गिरणी नाही, अक्का."

त्या खुर्चीत बसल्या. कॅसेट लावायच्या आधी त्यांनी हाताने थांबवलं.

"तुला नाळे बा माहीत आहे ना?"

आश्लेषाला माहीत होतं. बेंगळुरात जुन्या घरांतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. या कॅसेट भरल्या त्या वर्षी शहरभर वावडी उठली होती की संध्याकाळी एक बाई दारोदार फिरते. हाक मारते ती आपल्याच माणसाच्या आवाजात. दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर खडूने 'नाळे बा' लिहिलं होतं, उद्या ये. ती वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते.

"घरी मी एकटीच होते," पद्मावती म्हणाल्या. "गिरणीवर जायला उशीर झालेला. दिवेलागणीला गेटातून हाक आली. 'पद्मी, ये गं.' अण्णाचा आवाज. पण अण्णा तर दुपारीच गिरणीवर गेलेला. मी कडीला हात लावून उभी होते आणि अंगाला नुसता घाम... मी आतूनच ओरडले, 'नाळे बा!' बाहेर काहीच नाही. मग गेट लावल्याचा आवाज. भुतं गेट लावून जात नाहीत गं. मला न्यायला तो गिरणीवरून आला होता, आणि तसाच परत गेला. ते मला रात्री कळलं, दवाखान्यातून निरोप आला तेव्हा."

त्यांनी रुमाल घट्ट पिळला.

"दारात आलेल्या भावाला मी भूत समजले. उद्या ये म्हणाले, आणि त्याला उद्या मिळालाच नाही. रागावून गेला असेल. त्या रागातच लॉरी दिसली नसेल. तीस वर्षं रोज हेच. कुणालाही सांगितलं नाही, आईलासुद्धा. मला एवढंच कळू दे, रागावला होता का तो."

तिने बटण दाबलं.

रघू? आहे. मानसिंग? आहे.

पद्मी?

घुरघुर. सावकाश श्वास. पद्मावतींचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. वीस सेकंद. तीस. पिठाचा वास इतका दाटला की नाकात जाऊन ठसका लागावा. आणि एकाएकी दिवा गेला. कॉम्प्युटर गेला, पंखा थांबला, डेकवरचा लाल ठिपका विझला. एरवी बाहेरचं काही ऐकू न येणाऱ्या त्या खोलीत, लांबून, कुणी तरी ओरडलं, "करंट होय्तु!"

वीज नव्हती. डेक बंद होता.

घुरघुर चालूच होती.

"अक्का..." आश्लेषाने त्यांचा हात धरला. तो बर्फासारखा गार पडला होता. "...ओ देऊ नका. चला बाहेर."

"नाही गं," पद्मावती म्हणाल्या. "एकदा नाही दिली. पुरे झालं." आणि मग त्या बारीक, भरल्या आवाजात म्हणाल्या, "आले, अण्णा."

समोरच्या काळोखात कुणी तरी हसलं. चोवीस वर्षांच्या पोराचं हसू, खोडकर, जराही राग नसलेलं.

"उद्या म्हणालीस, म्हणून थांबलो."

काठ्या वाजल्या. एक, दोन, तीन, चार. त्या छोट्या खोलीत ड्रम असे कोसळले की आश्लेषाच्या पाठीमागची भिंत हादरली. पद्मावती उभ्या राहिल्या. पहिली ओळ त्यांनी रडतच म्हटली, दुसरीला आवाज फाटला. तिसरीपासून मात्र त्या ओरडायला लागल्या, पोटातून, पदर खोचून, वर्गात कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात. 'दिवा नको, आवाज हवा!' आश्लेषाही ओरडत होती. कधीपासून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

गाणं संपलं आणि वीज आली. पद्मावती घामाने भिजल्या होत्या. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि दोन्ही त्यांना एकदम जमत नव्हतं.

"रागावला नव्हता," त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना तू? रागावला नव्हता."

"ऐकलं, अक्का."

आता सातही कॅसेट लोकांना इंटरनेटवर ऐकायला मिळतात. कोरमंगलातली पोरं भांडायची थांबली, निदान आठवडाभर तरी. रघुनंदननी परदेशातून फोन केला आणि नुसते रडले. मानसिंग काकांनी गिरणी बंद करायचं पुढे ढकललं आहे. रविवारी दुपारी पद्मावती तिथे जातात, आणि आता उशीर करत नाहीत.

सातवी कॅसेट आश्लेषाकडेच आहे. वीज आल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने ती पुन्हा लावून पाहिली होती. पद्मी? विचारताक्षणी एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा धापा टाकत आलेला आवाज, 'आले, अण्णा!' आणि मग ते गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मोडलेली टॅब तशीच मोडलेली आहे.

पण गाण्यानंतर, जिथे फीत कोरी होती, तिथे तोच खोडकर आवाज आणखी एक प्रश्न विचारतो.

"आणि सोबत कुणाला आणलंस गं?"

मग घुरघुर. चार सेकंद, आणि डेक आपोआप थांबला होता.

परवा मानसिंग काकांनी सहज विचारलं, तू शिकशील का ड्रम, आमच्याकडे वाजवणारं कुणी नाही. आश्लेषा हो म्हणालेली नाही, नाहीही म्हणालेली नाही. खडूची पेटी तिने आणून ठेवली आहे, पण दारावर अजून काही लिहिलेलं नाही. काल दुपारी तिने कॅसेट पुन्हा लावली आणि वही उघडली.

नऊ सेकंद.