गॅरेजमध्ये न तापणारी गाडी

बुधवारी सकाळी शलाका आली तेव्हा अण्णा शब्दकोड्यात अडकले होते आणि कुंदा भेंडी पुसत होती.

'कुंदा प्रधान, खाजगी चौकशी' ही पाटी अंबरनाथ पूर्वेच्या त्या फ्लॅटच्या दारावर लागून सहा वर्षं झाली होती. त्याआधी कुंदा एका विमा कंपनीसाठी ठोकलेल्या मोटारी तपासायची. कुठला बंपर खांबाला धडकून फुटला आणि कुठला हातोडीनं फोडला, हे ती लांबूनच सांगायची. अण्णा तिचे यजमान, केमिकल कारखान्यातले निवृत्त अधिकारी. निवृत्तीनंतर ते आपल्या हाताखाली लागले, असं कुंदा म्हणायची. आपण भागीदार आहोत, असं अण्णा म्हणायचे. हा वाद अजून मिटला नव्हता.

"रविवारी माझा साखरपुडा आहे," शलाका म्हणाली. "म्हणजे होता. आता गिअरबॉक्सवर आहे सगळं."

अण्णांनी कोडं बाजूला ठेवलं. हे त्याहून बरं दिसत होतं.

हकिगत सरळ होती. शलाका पालेगावच्या दौलतरावांची एकुलती मुलगी. दौलतरावांनी तीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला, क्लच दाबून दाबून गुडघे गेले, म्हणून गेल्या वर्षी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. चार महिन्यांत तिचा गिअरबॉक्स घसरायला लागला. अंबरनाथच्या सुजितनं तो पूर्ण उघडून नव्यानं बांधला. गाडी गॅरेजमध्ये होती त्या महिन्यात शलाका चौकशीला जात राहिली. गाडीची चौकशी चार दिवसांत संपली होती, बाकीची पुढे चालू राहिली. दोन्ही घरांनी होकार दिला.

"आणि गाडी घरी आल्यापासून गिअरबॉक्स तापतो. लाल दिवा लागतो. बाबा म्हणतात, ज्याला गिअरबॉक्स धड बांधता येत नाही त्याच्या घरी मुलगी द्यायची कशी? शनिवारपर्यंत दिवा बंद झाला नाही तर सुपारी फुटणार नाही."

"सुजित काय म्हणतो?"

"पुन्हा उघडतो म्हणतो. पण उघडून शोधणार काय? गॅरेजमध्ये नेली की गाडी तापतच नाही."

कुंदाच्या हातातली भेंडी थांबली. "अहो, वही घ्या."

अण्णांनी पान उघडून दोन रकाने पाडले. तापली. नाही तापली.

बदलापूरला मामाला आमंत्रण द्यायला गेले: तापली. शहाडला आत्याकडे: तापली, आणि तेव्हा शलाका चालवत होती. गॅरेजमध्ये तीनदा नेली: तिन्ही वेळा नाही. उल्हासनगरला साड्या घ्यायला: नाही.

"उल्हासनगरला? तिथल्या ट्रॅफिकमध्ये माणसं तापतात," अण्णा म्हणाले.

"अडीच तास अडकलो होतो. दिवा नाही लागला."

"त्या दिवशी निघालात कुठून?" कुंदानं विचारलं.

"गॅरेजमधून. सुजितनं गाडी तपासली, तिथूनच परस्पर गेलो."

"आणि त्यानंतर कधी लागला?"

"दुसऱ्या दिवशीच. घरून बदलापूरला पुन्हा गेलो तेव्हा."

कुंदानं भेंडीचं ताट उचलून आत ठेवलं. त्या दिवशी भाजी झाली नाही.

सुजितचं गॅरेज छोटं होतं, पण फरशीवर तेलाचा एक डाग नव्हता. अण्णांनी ते सुजितच्या बाजूनं लिहून घेतलं.

"मॅडम, तेलाची पातळी गाडी तापवून मोजलीय," सुजित हात पुसत म्हणाला. "कूलर दोनदा धुतला, पाइप नवे टाकले. तिसऱ्या खेपेला दौलतकाकांना शेजारी बसवून एक तास कर्जत रस्त्याला पळवली. काही नाही. ते मलाच विचारतात, आज काय जादू केलीस?"

"कूलर कुठे असतो?" अण्णांनी विचारलं.

"रेडिएटर वर असतो, तो इंजिनाचा. गिअरबॉक्सचा कूलर वेगळा, छोटा. खाली बंपरच्या मागे, डाव्या अंगाला. समोरून वारा लागतो, तेल गार होतं. तिथली जाळी स्पीडब्रेकरवर तुटलीय, नवी मागवलीय. पण जाळी नसली तर वारा वाढेल, कमी नाही होणार."

"गाडी उघडलीत तेव्हा आणखी काही सापडलं?"

"एक वायर उंदरानं कुरतडलेली होती. बिघाडाशी तिचा संबंध नव्हता. बदलून टाकली. शलाकाच्या आईला, बनूमावशींना, तेवढं सांगितलं की गाडी जपा, नाहीतर माझी मेहनत उंदीर खातील." तो जरा हसला, मग हसू गेलं. "मॅडम, काकांनी मला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते म्हणतात, तुला येत नाही."

तिथून दोघं उल्हासनगरला होतचंदच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. सुजितनं गिअरबॉक्समध्ये घातलेल्या प्लेट आणि तेल तिथलंच होतं.

"साईं, माल नकली असता तर उल्हासनगरमध्येही तापली असती ना?" होतचंदनं चहा मागवत विचारलं. कुंदानं मान डोलावली. "दुसरे मेकॅनिक येतात, विचारतात, सस्ता कोणता? हा विचारतो, सही कोणता? धंद्याला असा माणूस ठीक नाही. लेकिन मुलगी द्यायला एकदम ठीक."

स्कूटरवर परतताना अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. "कुंदा, मिळालं. दौलतराव टेम्पोवाले. डाव्या पायाला क्लचची सवय. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही, म्हणून तो पाय ब्रेकवर टेकून ठेवत असणार. ब्रेक दाबलेला आणि गाडी पळतेय, तर गिअरबॉक्स तापणारच."

"छान आहे. मग शहाडला शलाका चालवत होती तेव्हा का तापला?"

पुढच्या सिग्नलला अण्णांनी तो मुद्दा सोडून होतचंदच्या चहाचं कौतुक सुरू केलं.

गुरुवारी दुपारी ते पालेगावला गेले. घर जुनं, बैठं. अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी, तिच्याशेजारी पांढरी गाडी. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं खोदकाम चाललं होतं.

"या, या," दौलतराव खुर्चीतून अर्धे उठले आणि गुडघा धरून परत बसले. "त्या मेकॅनिकनं पाठवलं का पोरीनं?"

"पोरीनं," कुंदा म्हणाली.

"मंग ठीक हाय. मेकॅनिकचा माणूस मी दारात उभा करत नाय."

बनूबाईंनी पोहे आणले. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेकॅनिक, मेकॅनिक. पोराला नाव हाय. सोन्यासारखा पोरगा. गाडी दिली त्या दिवशी सीट पण पुसून दिली त्यानं."

"सीट पुसून गिअरबॉक्स थंड होतो का?"

"तुमचं डोकं तरी थंड होईल."

गाडी घरी कोण हाताळतं, असं कुंदानं विचारलं. चालवायला दौलतराव आणि शलाका. धुवायला बनूबाई, कारण दौलतरावांना वाकता येत नव्हतं. गाडी गॅरेजला जाणार हे आदल्या दिवशी घरात सगळ्यांना ठाऊक असायचं.

"अजून एक," शलाका म्हणाली. "एसी लावला की तंबाखूचा वास येतो. बाबा परत सुरू झालेत."

"तुझी शप्पत, दसऱ्यापासून शिवलो नाय," दौलतराव म्हणाले. "तंबाखूच्या पानांची अख्खी जुडी हिनं काढून घेतली माझी. विचार."

सगळ्यांनी बनूबाईंकडे पाहिलं. शलाकानं सांगितलं होतं की आई रोज बाबांचे खिसे तपासते.

"जुना वास असंल," बनूबाई म्हणाल्या आणि चहा बघायला आत गेल्या.

पोहे झाल्यावर अण्णा हात धुवायला मागच्या मोरीवर गेले. पाणी तुंबत होतं. पाणी जायच्या भोकात काळ्या चौकड्यांच्या जुन्या लुंगीचा घट्ट बोळा कोंबला होता.

"पायानं ढकला थोडा," बनूबाई आतून म्हणाल्या. "खोदकाम सुरू झालं तशा घुशी निस्त्या घरात. काय करणार?"

अण्णांच्या मागून कुंदा आली, हात धुवायला वाकली आणि लागोपाठ दोनदा शिंकली.

"सर्दी?" अण्णांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि समाधानानं नाक पुसलं.

घरी आल्यावर अण्णांनी वही पुढे सरकवली. तिच्यात एकच नाव ठळक लिहिलं होतं. "दौलतराव. त्यांना हे लग्न नकोय. एकुलती मुलगी, जाऊ द्यायचं जिवावर आलंय. काहीतरी तेच करतायत आणि दोष मुलावर ढकलतायत. मला वाईट वाटतंय, पण दुसरं कोण?"

"तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आलात," कुंदा म्हणाली. बायकोकडून इतकं मिळालं म्हणजे पुष्कळ, असं समजून अण्णा जेवले.

शनिवारी सकाळी दहा वाजता सगळे पालेगावच्या अंगणात होते. बदलापूरला एक फेरी मारायची, असं कुंदानं आदल्या दिवशी कळवलं होतं. सुजित येणार आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. तो मोटारसायकलवरून उतरला आणि दौलतरावांनी तोंड फिरवलं.

बनूबाईंनी मात्र घाईघाईनं पदर खोचला. "थांबा हं, गाडीवर धूळ हाय," म्हणत त्या गाडीच्या पुढच्या बाजूला निघाल्या.

"बनूबाई, राहू द्या," कुंदा शांतपणे म्हणाली. "आज तो तिथेच असू दे."

बनूबाई जागच्या जागी थांबल्या.

"गाडी दोन ठिकाणी तापली, दोन ठिकाणी नाही," कुंदानं सुरुवात केली. "आम्ही आधी रस्ते बघत बसलो. मग चालवणारे. दोन्ही चूक. गॅरेजमधून परस्पर उल्हासनगरला गेली, तापली नाही. रात्री घरी राहिली, सकाळी तापली. म्हणजे जे काही होत होतं ते या अंगणात होत होतं. आणि गॅरेजला जायच्या आधी ते काढलं जात होतं. बिघाड असा ये-जा करत नाही. माणूस करतो."

दौलतराव सावरून बसले. "कोण?"

"यांना वाटलं, तुम्ही." कुंदानं अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी आकाशाकडे पाहिलं. "पण तुम्हाला वाकता येत नाही, आणि हे करायची जागा जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. शलाकाला तर लग्न करायचंय. मग मला कळलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. गाडीचं वाईट कोण करतंय, असं शोधत होते. या घरात गाडी सर्वांत जास्त जपतं कोण?"

शलाकानं हळूच आईकडे पाहिलं.

"उंदरानं वायर कुरतडली, गाडी जपा, असं सुजितनं बनूबाईंना सांगितलं. समोर खोदकाम, दाराशी पेंढा, सगळीकडे घुशी. मोरीचं भोक त्यांनी लुंगीच्या बोळ्यानं बुजवलंय, आत तंबाखूची पानं घालून. तंबाखूला उंदीर येत नाहीत, आणि मला शिंका येतात. गाडीत तंबाखूचा वास आला तेव्हा रोज खिसे तपासणारी बाई नवऱ्याला एक शब्दही बोलली नाही. कारण तो वास कुठून येतोय हे त्यांना ठाऊक होतं. आणि गाडीलाही एक भोक होतं. तुटलेल्या जाळीचं."

ती बंपरपुढे बसली, हात घातला आणि हातभर लांबीचा काळ्या चौकड्यांचा बोळा बाहेर ओढला. एक शिंक दिली आणि तो सुजितच्या हातात ठेवला.

"कूलरच्या अगदी तोंडावर," सुजित पुटपुटला. "वारा जाणारच नाही. इंजिनाचा रेडिएटर वर, म्हणून इंजिनाचा काटा हलायचा नाही. लांब गेलं की फक्त गिअरबॉक्स तापणार."

बनूबाईंचे डोळे भरले होते. "पोरानं महिनाभर राबून बांधलं. उंदरांनी खाल्लं असतं तर ह्यांनी त्यालाच बोल लावला असता."

"मंग गॅरेजला जाताना काढत का होतीस?" दौलतरावांनी विचारलं.

"तुमच्या फाटक्या लुंगीचा बोळा होणाऱ्या जावयाच्या हाताला लागावा? काय म्हणला असता तो, कसलं घर हाय?"

सुजितनं बोळ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मावशी, मी म्हटलं असतं, या घरात माझं काम कुणीतरी जपतंय."

त्यावर शलाका इतकी हसली की तिला ओटीवर बसावं लागलं.

बदलापूरची फेरी झालीच. दौलतराव चालवत होते, सुजित शेजारी, मागे अण्णा आणि कुंदा. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. लाल दिवा लागला नाही. दौलतराव एकसारखे तिथे बघत होते, जणू त्यांना तो लागायला हवा होता. चुकलो म्हणायची सवय त्यांना तीस वर्षांच्या टेम्पोत लागली नव्हती, आणि आता ती लागायचं वय नव्हतं, हे अण्णांना मागच्या सीटवरून स्पष्ट दिसत होतं.

पालेगावच्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघूनच घसा खाकरला.

"उद्या तुमच्याकडनं किती माणसं येतील?" ते म्हणाले. "आचाऱ्याला आकडा सांगायचा हाय, सुजितराव."