सात नंबरची मालनबाई

सोमवारी प्रार्थना संपून मुलं वर्गात बसतात न बसतात, तोच गोजरबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती.

"मालन न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "दार सताड उघडं हाय. पोरीबी न्हाईत."

मालन म्हणजे निवारा मंडळाच्या सात नंबरच्या खोलीतली विडीकाम करणारी विधवा; गोजरबाई तिची शेजारीण. ज्यांना शहरातलं भाडं झेपत नाही अशांसाठी मंडळानं नगरच्या वेशीबाहेर बारा खोल्या बांधल्या होत्या. बहात्तर साल कोरडं गेलं आणि गावोगावची माणसं नगरात येऊन पडली. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या बारा खोल्यांसाठी शंभरावर अर्ज आले होते. विल्सन साळवे मास्तर मंडळाचे चिटणीस. अर्ज बैठकीत तेच वाचायचे, पत्रंही तेच लिहायचे. सरळ माणूस म्हणून त्यांचं नाव होतं, आणि त्या नावाला ते फार जपत.

मास्तर गोजरबाईबरोबर खोलीवर गेले. परातीत मळलेलं पीठ वाळून भेगाळलं होतं. विड्यांचं सूप, पाला, कात्री जागच्या जागी होती. हंडा काठोकाठ भरलेला. टँकर चार-चार दिवसांनी येत असताना भरला हंडा टाकून कोण जातं? बाई घाईनं गेली होती, एवढं नक्की.

कोनाड्यात एक कागद होता. मास्तरांनी तो उघडला. अक्षर त्यांचंच. मालनबाईचं निम्मं भाडं पुढचं वर्षभर मंडळ भरील, मंगळवारी बैठकीला येऊन अंगठा द्यावा, असं त्यांनीच चार दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

मास्तर चक्रावले. वर्षभराचा घोर मिटला, आणि बाई मळलेलं पीठ टाकून पळाली?

"तिला शेवटचं कधी बघितलंस?"

"काल, दिवं लागायच्या टायमाला. भायेरून आली. डोळं सुजल्यालं. म्या इचारलं, तर म्हनली, आता चाळीत तोंड कसं दावू?"

"भांडण झालं होतं कुणाशी?"

"न्हाई. दुपारी गेल्ती तवा हासत हुती."

"कुठं गेली होती?"

"सांगून न्हाई गेली."

मास्तरांनी राखणदार कारभारीला बोलावलं. पत्र शनिवारी संध्याकाळी त्यानंच मालनच्या हातात दिलं होतं. त्यात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. मालनलाही येत नव्हतं. चाळीत वाचता येणारा माणूस एकच, पहिल्या खोलीतला राधाकृष्ण. तो छापखान्यात खिळे जुळवायचा आणि चाळीतल्या सगळ्यांची पत्रं वाचून द्यायचा. त्याच्या भाच्याचा खोलीसाठी अर्ज आहे, हे मास्तर विसरले नव्हते.

राधाकृष्ण नुकताच परतला होता. शुक्रवारी सकाळी सोनईला लग्नाला गेलो तो आत्ता येतोय, असं त्यानं सांगितलं. कारभारीनं मान डोलावली. त्याच्या खोलीची किल्ली तीन दिवस कारभारीकडेच होती.

"माझ्यावर संशय आहे का, मास्तर?"

मास्तरांनी नजर खाली घातली.

मालनचा भाऊ कानिफनाथ पुणतांब्याला असतो, असं गोजरबाईकडून कळलं. पिशवी घ्यायला मास्तर घरी आले. ओसरीवर कालच्या पाट्या रचून ठेवलेल्या होत्या. रविवारी दुपारी त्यांची बायको दया विडीवाल्यांच्या पोरींना तिथं अक्षरं शिकवायची. काल मास्तर चर्चच्या कामात अडकले होते. आत दयाची धाकटी बहीण दीना धान्य निवडत बसली होती. तिला नवऱ्यानं टाकलं होतं. चार महिने ती लेकरू घेऊन त्यांच्या दीड खोलीच्या घरात राहत होती.

गाडीची वेळ झाली होती. मास्तरांनी दारातूनच सांगितलं, "मंडळाच्या खोल्यांवरचा एक भाडेकरू न सांगता निघून गेलाय. शोधायला चाललोय. उद्या येईन."

दया चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "दोन पोरी घेऊन कुठं गेली असेल बिचारी."

मास्तर निघाले.

पुणतांब्याला कानिफनाथच्या गोठ्याच्या कडेला मालन पोरींना घेऊन बसली होती. मास्तरांना पाहताच तिनं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. तुझ्या पत्रात काय होतं, असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमीच लिव्हलंय. मला कशाला बोलाया लावता?"

"तुला जे वाचून दाखवलं ते सांग."

"माज्या खोलीवर परका बाप्या येतो म्हून तक्रार हाय. दोन दिसांत खोली सोड, न्हाईतर मंगळवारी समद्यांम्होरं नाव वाचू." ती थांबली. "देवाशपथ सांगते, मास्तर, कुनी येत न्हाई."

मास्तरांनी कोनाड्यातलं पत्र खिशातून काढलं आणि एकेक शब्द सावकाश वाचला. मालन रडली नाही. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तोंडावरचा पदर बाजूला केला.

"कुणी वाचलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"नाव न्हाई घ्यायची मी. माज्या लेकीचा हात धरून त्यांनी अक्षर गिरवून घेतलंय."

परत यायलाही ती तयार झाली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी राहुरी सोडून निघाली तेव्हा मास्तरांना नाव कळलं होतं. राधाकृष्ण असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली. ते घरी पोचले. संध्याकाळी बैठकीला चल, एवढंच त्यांनी दयाला सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही.

बैठक चाळीच्या अंगणात भरली. अध्यक्ष काकासाहेब खुर्चीवर, भाडेकरू खाली. मास्तर उभे राहिले.

मालनबाईचं पत्र चांगल्या बातमीचं होतं, ते म्हणाले. ते वाचून कुणी पळालं नसतं. पण तिनं ते वाचलंच नव्हतं, तिनं ते ऐकलं होतं. वाचणाऱ्यानं भलतंच वाचलं. चाळीत वाचणारा राधाकृष्ण एकटा, आणि तो सोनईला. म्हणून बाई रविवारी दुपारी पत्र घेऊन बाहेर गेली, जिथं तिच्या पोरी अक्षरं शिकतात तिथं. ज्या माणसानं पोरीला शिकवलं, त्याच्यावर तिचा विश्वास होता.

"तेवढ्यावर मी कुणाचं नाव घेतलं नसतं," मास्तर म्हणाले. "काल मी घरी सांगितलं, एक भाडेकरू निघून गेलाय. बाई म्हटलं नाही, पोरी म्हटलं नाही. तरी दोन पोरी घेऊन ती कुठं गेली असेल, असं मला उत्तर मिळालं. पत्र वाचणारी माझी बायको आहे."

दया बायकांतून उठली.

"मीच वाचलं," ती म्हणाली. "खोली रिकामी झाली तर दीनाला मिळेल असं वाटलं. तिचा नंबर चार महिने का लागला नाही, ते यांना विचारा."

काकासाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. दीनाच्या नावाचा अर्ज मंडळापुढं कधी आलाच नव्हता.

मास्तरांनी पिशवीतून चौपदरी घडीचा कागद काढला. "चार महिने माझ्याकडे आहे. मेव्हणीला खोली दिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तो वाचलाच नाही. दर बैठकीनंतर दीना घरी विचारायची, आणि अजून तुझा नंबर आला नाही, असं मी सांगायचो."

त्यांनी चिटणीसपद सोडलं. यापुढं अर्ज राधाकृष्णनं वाचावेत असं ठरलं. दीनाचा अर्ज यादीत शेवटी लागला, आज आला असता तर जिथं लागला असता तिथंच.

मालनला आणायला दया एकटी गेली. मालन आली, पण तिनं एक अट घातली. ज्या तोंडानं घरात वाचलं त्याच तोंडानं चाळीपुढं खरं वाचावं. त्या रविवारी अंगणात उभं राहून दयानं पत्र वाचलं. दोनदा अडखळली, दोनदा पहिल्यापासून वाचलं. मालननं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि अंगठा दिला. दयाकडे तिनं पाहिलं नाही. पोरींना पुन्हा त्या ओसरीवर पाठवलंही नाही.

तिथून घरी निघाल्यावर मास्तर आपसूक मागच्या बोळाकडे वळले. तिथं ओळखीचं कुणी भेटत नसे. दया थांबली.

"तिकडून नको," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून कापडबाजाराच्या रस्त्याला लागली. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती, सगळी ओळखीची. मास्तर क्षणभर बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. मग मान खाली घालून तिच्या मागोमाग चालू लागले.